बजेट पंधरा, रोज उदगीर-लातूर, मधूनमधून पुणे: इलेक्ट्रिक आत्ता घ्यावी का थांबावं?

मांजराकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचक हाय, आज पहिल्यांदा लिहायलोय. मी उदगीरचा, नोकरी लातूरला कॉलेजात, जाऊन-येऊन रोज १३० किमी होतात, आठवड्यातले सहा दिवस. जुनी डिझेल हाय पण तिचं आता गॅरेजवाल्याशी माझ्यापेक्षा जास्त पटायलंय. मुलगी पुण्याला शिकायला, म्हणून महिन्या-दोन महिन्याला पुण्याची चक्कर, उदगीरहून चारशेच्या आसपास पडतं, आम्ही लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी असं जातो. बजेट ऑन रोड पंधरा, लईच ताणलं तर सोळा. घरात गाडी एकच राहणार, दोन ठेवायची ऐपत पण नाही अन् जागा पण नाही.
शोरूमवाला टाटाच्या नेक्सॉन ईव्ही ४५ ची (४५ म्हणजे बॅटरीत मावणारे युनिट) रेंज एका चार्जिंगला ४८९ किमी सांगतो, स्टाफरूममधला एकजण म्हणतो अडीचशे धर अन् गप बस, मेव्हणे म्हणतात दोन वर्षं थांबा बॅटऱ्या स्वस्त व्हायल्यात. बायको म्हणते २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी कमी झालाय तर सरळ पेट्रोल घ्या अन् विषय संपवा. चौघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात, म्हणून इकडं विचारायलोय.

देवणीवाला
पेट्रोल घ्या. धन्यवाद.

सातारा_परिसर
देवणीवाले तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता.
सर, आम्ही छ. संभाजीनगरला पंच ईव्ही वापरतो, शहरात रोज ३०-४० किमी, कधीतरी जालना, कधी पैठण. खरंच काही कटकट नाही. पण माझं वापरणं आणि तुमचं वापरणं यात फार फरक आहे त्यामुळे माझ्या कौतुकावर जाऊ नका. एक मात्र सांगते, ४८९ हा टेस्टिंगचा आकडा आहे, एसी वगैरे धरून रस्त्यावरचा नाही. टाटावाले स्वतःच ब्रोशरमध्ये दुसरा आकडा देतात, ४५ च्या बॅटरीला ३५० ते ३७०. तो तरी पकडा. आणि हायवेला शंभरने एसी लावून गेलात तर तोही खाली येतो, तीनशेच्या आसपास.

मांजराकाठ
ताई म्हणजे स्टाफरूमवाल्याचे २५० अन् शोरूमचे ४८९ याच्या मधातच कुठंतरी म्हणायचं.

सातारा_परिसर
हो, पण खरं तर तुम्हाला ३०० पण मिळणार नाहीत. कोण शून्यावर नेऊन गाडी उभी करतं? दहा टक्के राखून ठेवायचेच, म्हणजे घरून पूर्ण भरून निघालात तर पहिला टप्पा २७०. आणि रस्त्यात फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच थांबायचं कारण त्याच्या पुढे चार्जिंग एकदम मंदावतं, शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या पन्नासाएवढा वेळ जातो असं म्हटलं तरी चालेल. म्हणजे दुसरा टप्पा ८० ते १०, २१० किमी. रेंज एकच नसते हो, घरून निघतानाची वेगळी आणि रस्त्यातली वेगळी, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

तेरणा_खोरं
मी धाराशिवचा, ह्याच रोडला असतो म्हणून हिशोब मांडून देतो. उदगीर-लातूर ६५, लातूर-टेंभुर्णी १६५ च्या आसपास, झाले २३०. तिथून पुणे १६५. ताईंच्या २७० मध्ये टेंभुर्णी बसतं. टेंभुर्णीच्या पुढं पुणे-सोलापूर हायवेला इंदापूर, भिगवणपर्यंत हॉटेलांत चार्जर आहेत, एक बंद तर पुढचा. जेवायला तुम्ही असंही थांबताच. ८० केली की थेट पुणे, वर थोडं शिल्लक.
पण हे ४५ च्या बॅटरीचं बोलायलोय. पंचची ३५ ची घेतली तर टेंभुर्णीला काटा लाल होऊन पोचाल किंवा बार्शीतच थांबावं लागल. अन् येडशी-बार्शी पट्ट्यात एखादा चार्जर बंद निघाला तर दुसरा शेजारी नाही. माझा नियम सोपा हाय, टप्पा असा निवडायचा की तिथला चार्जर मेलेला असला तरी पुढच्यापर्यंत जाता आलं पाहिजे.

हुरडा_पार्टी
मेलेला असला तरी 😂 भाऊ मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका ढाब्यावर गेलो, ॲपमध्ये हिरवा दाखवायला, जाऊन बघितलं तर चार्जरवर ढाबेवाल्यानं लुंगी वाळत घातलेली. विचारलं तर म्हणे साहेब लाईटच नाही सकाळधरनं. मंग मसाला पापड खात बसलो.

तेरणा_खोरं
म्हणूनच ॲपमधल्या हिरव्या ठिपक्यावर जायचं नाही, लोकांनी शेवटचं चार्जिंग कधी केलं ते बघायचं, प्लगशेअर ॲपवर दिसतं. काल-परवाचं असलं तर जा. दुसरं, ६० किलोवॅट लिहिलेलं असतं पण दोन गन (चार्जिंगच्या वायरी) असतात, दुसरी गाडी लागली की दोघांना ३०-३० होतं बऱ्याच ठिकाणी. शोरूमवाला चाळीस मिनिटं म्हणतो ती एकट्याची अन् थंड बॅटरीची. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत हायवेवरून तापून आलेली बॅटरी गाडी स्वतःच हळू भरते. तासभर धरून चाला, चिडचिड होणार नाही.

देवणीवाला
तासभर!! आम्ही तेवढ्यात टाकी भरून इंदापूर सोडतो.

पोखर्णी_एक्स्प्रेस
देवणीवाले, तुमच्या टाकीचे पैसे सांगा की. आमच्या परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग असतं, मनमाडच्या पानेवाडी डेपोतून टँकर येतो अन् त्याचं भाडं आमच्या लिटरावर बसतं, असं पंपवाले वर्षानुवर्षं सांगायलेत. पेपरात देशात भाव वाढले की फोटो कायम परभणीच्या पंपाचा.

गणित_कच्चं
आता जरा पैशाचं बोलू, कारण सरांनी रेंज विचारलीय पण त्यांचा खरा प्रश्न किलोमीटरचा आहे.
१३० गुणिले २५ दिवस, महिन्याला सव्वातीन हजार किमी, पुणे सोडून. पेट्रोल गाडी १७ चं ॲव्हरेज देईल अन् १०५ रुपये लिटर धरलं तर किमीला सहा रुपये वीस पैसे, महिन्याला वीस हजार. ईव्हीला एका युनिटमध्ये साडेसहा किमी धरा, चार्जिंगमधली घट धरून महिन्याला साडेपाचशे युनिट. घरच्या मीटरवर हे आधीच्या वापराच्या वर जाऊन बसणार म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये, तिथं सगळे आकार धरून युनिट पंधराच्या आसपास पडतं. तरी सव्वाआठ हजार. सोलर नसताना, स्लॅबचा मार खाऊन, महिन्याला साडेअकरा-बारा हजार वाचायलेत.
आता वरचे पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ अधिक सेसवरून १८ वर आला, ईव्हीचा आधीही ५ अन् आताही ५, म्हणजे पेट्रोल लाख-दीड लाखाने स्वस्त झाली अन् फरक वाढला, वहिनी म्हणतात ते खरंय. पण रोड टॅक्स विसरू नका, महाराष्ट्रात पेट्रोलला दहा लाखाच्या आत ११ टक्के, दहा ते वीसला १२, ईव्हीला शून्य. सारख्या फीचरच्या दोन गाड्या ऑन रोड लावल्या की फरक तीनेक लाखाचा राहतो. दोन वर्षं अन् थोडे महिने, वसूल.
हेच एखाद्याचं महिन्याला आठशे किमी असलं तर वसूल व्हायला आठ वर्षं लागतात, त्यानं खुशाल पेट्रोल घ्यावं. ताई राग मानू नका.

सातारा_परिसर
राग कसला, मी पैसे वाचवायला घेतलीच नव्हती, मला क्लच दाबायचा कंटाळा आला होता 😄

मांजराकाठ
गणित कच्चं म्हणता अन् पोटात गोळा आणला की. वीस हजार महिना मी कधी असा मांडलाच नव्हता, डिझेलचं रोज पाचशे-सातशेचं टाकायचं अन् विसरायचं.
पण मग रोजच्या १३० ला तर ३० ची बॅटरी पण पुरते ना? ती १२.४९ पासून, ४५ ची १३.९९ पासून. दीड लाख वाचतात, त्यात पुण्याला कितीदा तरी ट्रॅव्हल्सनं जाईन.

औंढा_नागनाथ
मी पण हेच म्हणणार होतो. रोजचं भागतं तेवढी बॅटरी घ्या, महिन्यात एकदा लागणारं ओझं रोज कशाला वाहायचं. माझ्याकडं टियागो ईव्ही हाय २४ ची, हिंगोली-नांदेड करतो, मजेत.

गणित_कच्चं
सर थांबा, इथंच घोळ होतो. वॉरंटी बघा. ३० च्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, जे आधी होईल ते. तुमचं वर्षाला चाळीस हजार, पुणे धरून जास्तच. म्हणजे तुमची आठ वर्षांची वॉरंटी चार वर्षांत संपली. औंढावाले भाऊंचं रनिंग कमी असेल तर त्यांना आठही वर्षं मिळतील, गाडी तीच, कागद तोच.
४५ च्या बॅटरीला २०२५ च्या जुलैपासून पहिल्या मालकाला १५ वर्षांची, किमीची मर्यादा नसलेली वॉरंटी आहे, खाजगी वापराला. महिंद्राच्या बीई ६ ला पण पहिल्या मालकाला लाइफटाइम आहे पण ती १८.९० ला सुरू होते, आपल्या कामाची नाही. तुमच्यासारख्या पळवणाऱ्या माणसानं तो दीड लाख रेंजसाठी नाही द्यायचा, ह्या कागदासाठी द्यायचा. रेंज वर फुकट मिळाली समजा.

औंढा_नागनाथ
हां, माझं महिन्याला बाराशे-पंधराशेच होतं. हा मुद्दा बरोबर हाय, मागे घेतो.

तेरणा_खोरं
अन् ३० ची बॅटरी रोज १३० किमीला पाऊण रिकामी होणार. बॅटरी म्हातारी झाली, वर मे महिन्याचा एसी, एखाद्या दिवशी लातूरहून निलंग्याला जावं लागलं, की संध्याकाळी परत येताना टक्केच मोजत बसायचं. लातूरला कॉलेजात चार्जिंगची सोय हाय का?

मांजराकाठ
कॉलेजात पंख्याचं बटण खराब झालंय ते दोन वर्षं दुरुस्त होईना, चार्जर कुठला.

कन्नड_घाट
एमजीची विंडसर कोणीच काढली नाही? बॅटरी भाड्याने, गाडी लाँचला ९.९९ ला होती, बजेटच्या कितीतरी खाली.

गणित_कच्चं
विंडसर गाडी म्हणून चांगली, मागे बसणाऱ्याला तर राजेशाही. पण भाड्याची स्कीम ह्या सरांसाठी नाही. लाँचला बॅटरीचं भाडं किमीला साडेतीन रुपये होतं, सव्वातीन हजार किमीला अकरा हजाराच्या वर महिन्याला, वर वीज वेगळी. म्हणजे जवळपास पेट्रोलच झालं की. ज्याचं रनिंग कमी त्याला ते परवडतं. बॅटरीसकट घ्यायची तर १३.५० पासून होती, ३८ ची, ती मात्र नेक्सॉनशेजारी ठेवून बघण्यासारखी. टेंभुर्णीपर्यंत जरा अंगावर येईल एवढंच.

हुरडा_पार्टी
कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्स सूट पण आहे ना ईव्हीला, ८०ईईबी का काहीतरी. सर पगारदार हायत, घ्या फायदा.

गणित_कच्चं
ती फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कर्जांना. एजंट लोक अजून सांगतात, ऐकू नका. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत आहे ती खरी.

सातारा_परिसर
आणि समृद्धीला टोल माफ, तेही सांगा. आम्ही नागपूरला त्याच लोभाने गेलो. पण १२० ची लिमिट आहे म्हणून १२० ने गेलं की बॅटरी डोळ्यादेखत उतरते, ९० ने गेलो तर मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात.

तेरणा_खोरं
सरांना त्याचा उपयोग शून्य, पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग, तिथं टोल भरायचाच. राज्याची माफी समृद्धी, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे अन् अटल सेतूला.

मेव्हणे_म्हणतात
सरांच्या मेव्हण्यांची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो, आयडी पण त्यासाठीच बदलला 😁
२०२० च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा १३.९९ पासून, बॅटरी ३०.२, सांगायची रेंज ३१२. २०२४ च्या सप्टेंबरात ४५ ची आली, किंमत परत १३.९९ पासूनच, रेंज ४८९. त्याच पैशात दीडपट बॅटरी, साडेचार वर्षांत. मारुतीची ई-विटारा गुजरातेत बनायला लागलीय. दोन वर्षांत आणखी काय काय येईल. अन् आज घेतलेली ईव्ही दोन वर्षांनी विकायला काढा, वापरलेल्याला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं, कारण ती लाइफटाइम वॉरंटी पहिल्या मालकालाच, ते गणितवाल्यांनी सांगितलंच.

गणित_कच्चं
मुद्दा पक्का आहे अन् ज्याचं रनिंग कमी त्यानं थांबावंच. पण २०२० ला थांबलेल्या माणसानं ह्या साडेचार वर्षांत पेट्रोल किती जाळलं? सरांच्या रनिंगला वर्षाला एक लाख चाळीस हजाराचा फरक आहे. दोन वर्षं थांबून अडीच-पावणेतीन लाख घालवायचे, अन् मग गाडी लाखाने स्वस्त मिळाली म्हणून पेढे वाटायचे. विकायचं म्हणाल तर सरांना पाच-सहा वर्षं विकायचीच नाही, तोवर अडीच लाख किमी होतील, त्यानंतर पेट्रोल गाडी तरी कोण घेतं भावात.

देवणीवाला
मेव्हण्यांचं ऐका, तुमची बहीण त्यांच्या घरी नाही पण त्यांची तुमच्या घरी हाय.

हुरडा_पार्टी
देवणीवाले फॉर्मात 😂

निलंगा_राईस
वेळ म्हणाल तर वर्षाची कोणती वेळ तेही बघा. आमचं कृषी सेवा केंद्र हाय, माझं गणित सोयाबीनवर. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ अन् बाजारात चार हजाराच्या आसपास, वर सप्टेंबरच्या पावसानं काढणीला आलेलं पाण्यात गेलं, उधारी येईना, म्हणून मी यंदा गप बसलोय. सर पगारदार हायत म्हणून सांगतो, डिसेंबरात या. वर्ष संपायच्या आत स्टॉक काढायचा असतो तेव्हा शोरूमवाला फोन करकरून बोलावतो, हेच दिवाळीत उभं राहू देत नव्हता. फक्त बनलेला महिना बघा, चासी नंबरवरून कळतो. फेब्रुवारीत बनून यार्डात उन्हात उभी राहिलेली असली तर तेवढे पैसे तोडून मागा, नाहीतर दुसरी मागा.

मांजराकाठ
पुराचं निघालंच म्हणून विचारतो, मांजरा-तेरणेला पाणी आलं की आमच्याकडं चार-चार पूल बंद. पाण्यात इलेक्ट्रिकचं काय?

तेरणा_खोरं
बॅटरी पॅक आयपी६७ असतो, मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासतात, पाऊस अन् रस्त्यावरच्या पाण्यानं काही होत नाही. पण पुलावरून पाणी असलं तर इलेक्ट्रिक काय अन् ट्रॅक्टर काय, घालायचीच नाही. यंदा बघितलंय आम्ही.

पोखर्णी_एक्स्प्रेस
सगळ्यांनी गाडी घेऊन दिली, चार्ज कशावर करणार ते कोणी विचारलं नाही. मी वायरमन हाय, तर माझं पण ऐका.
एक, अर्थिंग. आपल्याकडं निम्म्या घरांत अर्थिंग म्हणजे गेटाला बांधलेली तार. ईव्हीचा चार्जर अर्थिंग नसलं की सुरूच होत नाही, लोक गाडीला शिव्या घालतात. खड्डा नीट करा, कोळसा-मीठ, अन् उन्हाळ्यात त्यात पाणी टाकायला विसरू नका, मुरमाड जागेत मे महिन्यात कोरडं पडतं अन् मग फोन येतो की कालपर्यंत चालत होतं. न्यूट्रल अन् अर्थिंगच्या मधात व्होल्टेज दोन-तीनच्या वर दिसलं तर आधी ते दुरुस्त.
दोन, साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर तासाला तीन-सव्वातीन युनिट जातात. सरांना रोज वीस-बावीस लागणार, सात तास. रात्री अकराला लावली अन् लाईट दोन तास गेली तर सकाळी कमीच. म्हणून ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवा, तीन तासांत काम. तो किमतीत धरलाय का वेगळा, ते बुकिंगच्या आधी लिहून घ्या.
तीन, शेतातल्या मोटरीच्या लाईनवर लावायचा विचार कोणी करत असलं तर करू नका. कृषी कनेक्शन दुसऱ्या कामाला वापरलं की वीज कायद्याचं कलम १२६, दंड बसतो. परवाच एका पाहुण्याला खाली उतरवलंय.

मांजराकाठ
पाहुणे तो विचार माझ्या पण मनात येऊन गेला होता, आता गेला. घर स्वतःचं हाय, पत्र्याचं शेड हाय, वर गच्ची मोकळी. सोलर लावलं तर?

पोखर्णी_एक्स्प्रेस
लावाच. पीएम सूर्यघरमधून ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी. त्याच्या वर किती पण लावा, सबसिडी तेवढीच. ३ किलोवॅट दिवसाला बाराएक युनिट देतं, पावसाळ्यात कमी. गाडी दिवसा लातूरला असली तरी नेट मीटरिंगमध्ये दिवसाची वीज लाईनीत जाते अन् रात्रीच्या वापरातून वजा होते. ५ लावलं तर गाडीपुरतं भागेल, घरच्या वापराचं बिल राहील. सोलर नको असलं तर ईव्हीचं वेगळं मीटर पण मिळतं, त्याला घरच्यासारखी स्लॅबची चढण नाही.

मांजराकाठ
ठरलं मग एवढं तरी: ४५ चीच बघणार, डिसेंबरात. त्याच्या आधी टेस्ट ड्राइव्हला गाडी लातूर-बार्शी-लातूर मागणार, शोरूमच्या गल्लीतली नको, एसी लावून घरच्या चौघांना बसवून टक्के लिहून काढणार. देत नसला तर दुसरा शोरूम. बायकोला वीस हजार अन् सव्वाआठ हजार हे दोन आकडे दाखवलेत, अजून होकार नाही पण पेट्रोलचं नाव पण काढलं नाही. मेव्हण्यांना हा धागा पाठवणार नाही.
पाहुणे, आता सिंगल फेज हाय, महावितरणला अर्ज काय टाकू? घरात एक एसी, गीझर, पाण्याची मोटर.

पोखर्णी_एक्स्प्रेस
थ्री फेज मागा, मंजूर भार १० किलोवॅट. चार्जर ७.२ चा सिंगल फेजचाच येतो, तो एका फेजवर एकटा ठेवा अन् घर बाकीच्या दोनवर वाटून घ्या, नाहीतर गाडी लावली की गीझरसोबत एमसीबी पडत बसेल. अन् सोलरचा अर्ज कधी टाकायचा ते महावितरणमध्ये विचारून घ्या. हे आजच सुरू करा, डिसेंबरला गाडी येईल पण मीटरचं काम कधी होईल ते मी वायरमन असून सांगू शकत नाही.

मांजराकाठ
उद्या सुट्टी हाय, सकाळीच जातो. टेस्ट रिपोर्ट लागतो का सोबत?

पोखर्णी_एक्स्प्रेस
लागतो, लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनचा. उदगीरात ओळखीचा हाय माझा एक, व्यनि करतो.